आबादानची अमानत

दुखान, कतर
ता. ९ फेब्रुवारी १९५७

रबियाभाभीस नसरुद्दीनचा सलाम. अजराला दुआ.

माझी तब्येत बरी आहे. थंडी अजून आहे, रात्री दोन कांबळी लागतात. कंपनीने जहूरभाईचा राहिलेला पगार मंजूर केला आहे, त्याची काळजी नको. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. आपला रहमान आजच्या बोटीने निघतो आहे, तो हातात आणून देईल. अजराकडून वाचून घ्याल तेव्हा दार लावून घ्या, आणि वाचून झाल्यावर चुलीत घाला.

तारेत फक्त इंतकाल झाल्याचं लिहिलं होतं. भाई दुपारी वर्कशॉपमध्ये छातीत कळ येऊन बसले. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा शुद्धीवर होते. तुमचं नाव घेतलं. अजराला शाळेतून काढू नको म्हणाले. नंतर म्हणाले, "पेटी बघ. मेजर साविन." एवढंच. मला वाटलं, भ्रमात बोलताहेत.

इथली जमीन दगडासारखी आहे. कबर खणायला वर्कशॉपमधल्या पहारी आणल्या. आपल्याकडची पंचवीस-तीस माणसं होती, शिवाय काही बलुची आणि मलबारी. नमाजाआधी वारसाने पुढे येऊन बोलायचं असतं, ते मी बोललो. अब्बांच्या वेळी भाई बोलले होते तेच शब्द. मय्यतीकडे कोणाचं देणं असेल, कोणाची अमानत असेल, त्याने माफ करावं, नाहीतर माझ्याकडे मागावं. मी परत करीन.

अशा वेळी कोणी काही मागत नाही. सगळे "माफ, माफ" म्हणतात. पण मागच्या रांगेतून रहमान म्हणाला, "एक अमानत हाय. आबादानच्या रशियन साहेबाची." सगळ्यांनी वळून पाहिलं.

रहमानच्या मनात वाईट नव्हतं. लढाईच्या काळात तो भाईंबरोबर इराणात आबादानला होता. मय्यतीवर ओझं राहू नये म्हणून बोलला. पण कुठे बोलतो आहोत याचं भान त्याला राहिलं नाही.

रात्री मी पेटी उघडली. तीच, सागाची, हत्यारांची. वरचा खण उलटा केला. त्याच्या तळाला स्क्रूने एक तारा घट्ट बसवला होता. फिटरच्या हातचं काम, हलतसुद्धा नव्हता. गडद लाल, पाच टोकांचा, चांदीवर मिना केलेला. मधे बंदूक घेतलेला शिपाई, आणि खाली विळा-हातोडा.

भाभी, तुम्हाला तिकडे यात भिण्यासारखं काही वाटणार नाही. मागे रशियाचे पुढारी मुंबईला आले तेव्हा लोकांनी फुलं टाकली म्हणे. इथे तसं नाही. सुवेझच्या भानगडीनंतर इथेही संप झाला, आणि तेव्हापासून कोणाच्या उशाखाली कम्युनिस्टांचं साधं चोपडं सापडलं तरी त्याला पुढच्याच बोटीत बसवून परत पाठवतात. पुढे आखातात कुठेच काम मिळत नाही. आता तुमचं घर, अम्मीचं औषध आणि अजराची शाळा माझ्या एकट्याच्या नोकरीवर आहे.

दुसऱ्या दिवशी मी रहमानला गाठलं. "हा साविन कोण?"

तो म्हणाला, "आबादानला अमेरिकेची विमानं यायची ना, रशियाला द्यायला, तिथला त्यांचा मेजर. लढाईतला नाय, टेबलावरचा. कुठलं विमान तयार, कुठलं कधी उडणार, सगळं त्याच्याकडं. त्याबद्दलच त्याला तो तारा मिळाला. वैमानिक त्याला हसायचे, म्हणायचे, पेन्सिल चालवून मिळवला. पण छातीवरून कधी काढायचा नाय."

"मग भाईंना का दिला?"

"त्याला माघारी बोलावलं. त्याच्याआधी दोघांना बोलावलं होतं, त्यांची पुढं खबर नाय. कोटावरचा काढला नि भाईच्या हातात ठेवला. म्हणाला, तिकडं माझ्याकडून काढून घेतील, तू ठेव, मी मागवीन."

"आणि मागवला?"

"मागवला असता तर तो पेटीत असता काय रे?"

मी त्याला विनवलं, रहमान, तू घरी चालला आहेस, तूच घेऊन जा, मुंबईत रशियाची कचेरी आहे, तिथे नाव सांगून दे. त्याने हातातला विडा खाली ठेवला आणि म्हणाला, "जनाज्यापुढं तू बोललास, नसरू. मी नाय. पत्र दे, पत्र नेतो. माझी तीन पोरं हायत."

त्याचं बरोबर आहे.

जनाज्यातलं बोलणं कंपनीपर्यंत पोचलं, आणि सोमवारी मला सिक्युरिटीच्या ऑफिसात बोलावलं. साहेबाने खुर्ची दिली, चहा मागवला. इतक्या वर्षांत मला तिथे कोणी खुर्ची दिलेली नाही. त्याने आबादानबद्दल काही विचारलं, मी उत्तरं दिली. खोलीची झडती झाली. पेटीही उघडली, हत्यारं एकेक करून बाहेर काढली. खण कोणी उलटा केला नाही. मी दारात उभा होतो.

त्या रात्री मी तारा विहिरीत टाकायला निघालो होतो. पाना लावला, आणि स्क्रू फिरेना. भाईंनी इतका घट्ट का बसवला असेल? त्यांनाही कधीतरी फेकून द्यावासा वाटला असेल काय? म्हणूनच असा बसवला असेल काय? पाना खाली ठेवला.

तुम्ही इद्दतीत आहात, चार महिने दहा दिवस उंबरठ्याबाहेर पडता येणार नाही. तुम्हाला मुंबईला जायला सांगू शकत नाही. रजा मंजूर झाली आहे. पुढच्या बोटीने मी पेटी घेऊन निघेन, भाईंनी ठेवली होती तशीच. धक्क्यावर सगळ्यांचं सामान उघडतात. या वेळी खण उलटा करतील की नाही, अल्लाला माहीत. मी त्या बोटीतून उतरलो नाही तर रहमानला माझ्यामागे पाठवू नका. अजराला एक नाव पाठ करायला सांगा. मेजर साविन, आबादान. इद्दत संपली की तिच्या मामाबरोबर मुंबईच्या कचेरीत ते नाव तरी पोचवा. तो माणूस जिवंत असेल असं मला वाटत नाही. पण कोणीतरी मागायला येईल म्हणून भाईंनी ती वस्तू सांभाळली, आणि मागायला आलाच तर दार बंद नसावं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. खुर्चीत बसवून साहेबाने पहिला प्रश्न विचारला होता, तो तुझा भाऊ ना? मी म्हणालो, सावत्र, साहेब. आमचं फारसं बोलणं नव्हतं. त्यांच्या कबरीची माती अजून ओली होती. हे कोणाला कळलं नसतं. भाईंना कळलं असेल.

म्हणून पेटी मीच आणतो आहे.

अम्मीला यातलं काही सांगू नका. दार उघडा आता, अजराला वारा लागू द्या.

जहूरभाईचा सख्खा भाऊ,
नसरुद्दीन