अशा नावाचं इथं कोणी नाही

१२ जानेवारी १९५८, रविवार

संध्याकाळी कापसाच्या जिनचा भोंगा झाला आणि मी उठून दारात गेले. अजूनही जाते. पाय ऐकत नाहीत.

अंतोन यायचा तेव्हा डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरा असायचा. इंजिनचा मिस्त्री, पण दिवसभर रुईच्याच धुरळ्यात. मी त्याला तसा घरात घेत नसे. दाराबाहेर स्टूल ठेवलेलं, त्यावर तो डोळे मिटून बसायचा आणि मी त्याच्या भुवयांतली रुई चिमटीने वेचायचे. "उशीपुरती निघाली?" रोज हेच विचारायचा. "अजून थोडी हवी," रोज मी म्हणायचे. बस, एवढंच. कोणाला सांगण्यासारखं यात काही नाही.

स्टूल अजून तिथंच आहे. आज शेजारच्या गयाबाईची शेळी त्याला बांधलेली होती.

१५ जाने.

अं.चं पत्र. गोव्याहून थेट टपाल येत नाही, त्याच्या मुंबईच्या चुलतभावामार्फत येतं, त्यामुळे बातमी नेहमी शिळी. लिहितो, उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे, डावाही त्याच वाटेवर. डॉक्टर कापायचं म्हणतात, खात्री देत नाहीत. "दिसतंय तोवर एकदा सेलू बघून घेतो. म्हणजे तुला." मग चारपाच ओळी इंजिनच्या चौकशीच्या.

आईचं दुखणं म्हणून गेला तो चार वर्षांपूर्वी. आई गेली, आणि त्याला निघता येईपर्यंत सरहद्द बंद. कागदावर तो पोर्तुगीज, म्हणजे परका माणूस. दिवाळीत त्याच्या व्हिसाचा अर्ज केला, त्यात मला लिहावं लागलं: भेटीचे कारण, पत्नीस भेटणे. मुक्काम, तीन महिने. आपल्याच घरात पाहुणा. लिहिताना हसू आलं होतं. आता येत नाही.

२ फेब्रु.

दोन दिवस जिंतूरला होते. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी बाळंत झाली, तिचा हट्ट. परत येताना देवगाव फाट्यावर मोटरीची वाट बघत बसले. एक सरकारी जीप सेलूकडून धूळ उडवत गेली. उगाच वाटलं, ही आपल्याकडूनच आली.

घरी आले तर गयाबाई वाटीभर चटणी घेऊन हजर. चेहरा फुललेला.

"कोणी आलं होतं का, गयाबाई?"

"आलता एक. पानी पिऊन गेला."

"काय विचारत होता?"

"तुमी कशाला जीव घाबरा करता बाई? आमी हाव ना."

समोरच्या रहीम शिंप्यांना विचारलं. मान वर न करता म्हणाले, सब ठीक है. म्हणजे चौकशी झाली. चौकशी झाली म्हणजे कागद हलला. आता येईलच.

९ फेब्रु.

गादी पिंजून घेतली. त्याची बाजू पार बसली होती. पिंजारी म्हणाला, बाई, नवीन रुई घाला थोडी. घातली. पलंग खिडकीपाशी सरकवला, उजेड येतो. मग परत जागेवर सरकवला. दिसत नसेल तर ओळखीच्या जागीच असलेला बरा.

कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, हात रिकामे ठेवलेस की मन भटकतं. हात भरलेले आहेत. मन तरी भटकतंच.

२४ फेब्रु., सोमवार

नाकारला.

टाइप केलेली एक ओळ. कारण नाही. खाली सही, तीही वाचता येत नाही.

गयाबाईला सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला, सरकारला दोन शिव्या दिल्या आणि माझ्याकडे चूल पेटवायची राहिली होती ती पेटवून दिली.

३ मार्च

परभणी. सकाळच्या गाडीने. कचेरीत आधी या खोलीत, मग त्या खोलीत. पूर्वी सगळं हैद्राबादला चालायचं आणि उर्दूत, आता मुंबई आणि मराठी-इंग्रजी, तरी बाकं तीच. शेवटी एक वयस्क कारकून भेटले. त्यांनी बसवलं, पाणी मागवलं, दार लोटून घेतलं.

म्हणाले, फाइल दाखवता येणार नाही, पण तुम्ही माझ्या बहिणीच्या वयाच्या, म्हणून सांगतो. चौकशीचा माणूस तुमच्या गल्लीत घरोघर हिंडला. या नावाचा माणूस एकानेही ओळखला नाही. बाई पहिल्यापासून एकट्याच राहतात, असं सगळ्यांनी सांगितलं. लग्नाचा दाखला सिकंदराबादच्या चर्चचा आहे, तो खरा असेल. पण इथे तुमचा संसार झालाच नाही, कोणीतरी नवऱ्याच्या नावाखाली येऊ बघतोय, असा शेरा आहे.

मी म्हटलं, गल्ली माझ्यावर रागावलेली नाही.

"तेच मला कळत नाही," ते म्हणाले.

सेलूला उतरले पण घरी जाववेना. स्टेशनवरच्या बाकावर बसून राहिले. कोणाचं काय वाकडं केलं मी? एकेकाचं तोंड डोळ्यांपुढे आणलं. यांच्याच मुलींना मी अक्षरं शिकवली.

४ मार्च

रात्र तळमळण्यात. उजाडताच गयाबाईकडे. ती भाकरी थापत होती. मी उभ्यानेच विचारलं, चौकशीच्या माणसाला तुम्ही काय सांगितलंत?

हात झटकून उठली. छाती पुढे काढून म्हणाली, "आमाला काय येडं समजता, बाई? जीपमधून उतरला. हातात कागद. मिस्त्रीसायबाचं पुरं नाव घेतलं, वडलासकट. आमी वळखलंच. म्हनलं, अशा नावाचं हितं कोनी न्हाई. साऱ्या गल्लीनं त्येच सांगितलं. एकाची जीभ सैल सुटली न्हाई."

ती जवळ आली, आवाज उतरवून म्हणाली, "मिस्त्रीसायबानंच न्हवतं का शिकीवलं?"

हो. त्यानेच.

गडबडीच्या वर्षी. आधी रझाकारांच्या भीतीचे दिवस, तेव्हा गयाबाईचा मुलगा नामदेव आमच्या कोळशाच्या खोलीत. मग पोलीस ॲक्शन झाली, वारं फिरलं, तर त्याच खोलीत रहीमभाई. दोन्ही वेळी लोक शोधत आले. नामदेव आत असताना अं.ने सगळ्या गल्लीला अंगणात बोलावून सांगितलं होतं, त्याच्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत: "कोण पण येऊ दे, कसली पण टोपी घालून. कोणाचं पण नाव घेऊ दे. जबाब एकच. असा माणूस इथं नाही. पुढे एक शब्द नाही." गल्लीने तो जबाब दोन्हीकडच्यांना दिला. दोघेही जगले. नामदेवला तर आता मुलगी झाली.

तसाच यांनी आता अं.ला लपवला. माझ्यापासून लपवला गेला तो.

"काय चुकलं का, बाई?" गयाबाईने विचारलं. भाकरी तव्यावर करपायला लागली होती.

मी सांगितलं काय झालं ते. सगळं. ती चुलीपाशी खाली बसली. रडली नाही, पिठाचे हात पदराला पुसत राहिली, पुसत राहिली. मग मीच भाकरी उलटली. म्हटलं, तुमची चूक नाही. मी असते तर मीही तेच सांगितलं असतं, दुसऱ्या कोणासाठी.

हे खरं आहे. तरी दुपारभर तिच्याकडे बघवलं नाही.

२० मार्च

व्हिसाच्या चौकशी खात्याचे साहेब डाक बंगल्यावर मुक्कामाला आले आहेत असं नामदेवने कळवलं. गयाबाईने गल्ली गोळा केली. लग्नाला निघाल्यासारखी धुतलेली लुगडी. मी रहीमभाईंना काल बजावलं होतं, तुम्ही येऊ नका. त्यांचा धाकटा भाऊ कराचीत, त्यांच्याकडे आधीच दोनदा विचारपूस झालेली. ते फक्त सुई ओवत राहिले.

साहेब तरुण. वाईट नाही. म्हणाले, म्हणजे तेव्हा तुम्ही सगळे खोटं बोललात?

"हौ," गयाबाई म्हणाली.

"मग आता खरं बोलताय हे कशावरून?"

"तवा आमाला वाटलं तुमी धरून न्यायला आलाव. आता कळलं, आनायला आलाव."

साहेबांना हसू आलं, त्यांनी ते आवरलं. मग विचारलं, बरं, दिसायला कसा होता हा माणूस? एकाने उंच सांगितलं, एकाने मध्यम. मिशा होत्या, नव्हत्या. गयाबाई म्हणाली, पांढरे होते.

"म्हणजे गोरे?"

"न्हाई, काळेसावळे. पर पांढरे."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि नुसतीच भुवईकडे चिमटी नेत राहिले. रुईचं एवढं सोपं सांगायचं होतं.

तेवढ्यात मागून रहीमभाई. कधी आले कळलंच नाही. टोपी हातात घेऊन उभे. "साब, मेरे सामने का घर. गडबड में उनों मेरेकू अपने घर में रखे. मैं उन के हाथ का खायाय." साहेबांनी त्यांचं नाव विचारलं, लिहून घेतलं. बापाचं नावही.

परत येताना मी म्हटलं, का आलात? म्हणाले, "बाई, कब तक ‘इधर कोई नै’ बोलनेका?"

आता त्यांचंही नाव कुठल्या तरी कागदावर. आणखी एक काळजी.

८ एप्रिल

काही नाही. पोस्टात दोन वेळा. पोस्टमास्तर आता मला बघितल्यावर दुरूनच मान हलवतात.

दुपारी उन्हात जिनपर्यंत चालत गेले. हंगाम संपला, फाटक बंद. भिंतीवर जुनी रुई चिकटलेली, राखाडी. एक पुंजका काढून रुमालात बांधून आणला. काय वेडेपणा.

१७ एप्रिल

अं.चं पत्र, पण अक्षर पुतण्याचं. सही त्याची, ओळ सोडून खाली उतरत गेलेली. उजवा डोळा गेला. डावा माणसं ओळखतो, चेहरे नाही. नकार कसा झाला ते मी कळवलं होतं. मला वाटलं होतं चिडेल. लिहितो, "गल्लीला माझा सलाम सांग. इतकी वर्षं झाली, शिकवलेलं विसरली नाहीत. तू शाळेत एवढं शिकवलंस, तुझं कोणी इतकं लक्षात ठेवलं?"

आणि खाली: "भुवया आता आतूनच पांढऱ्या झाल्यात. वेचून संपणार नाहीत."

गयाबाईला वाचून दाखवलं. सलामापर्यंत. ती पहिल्यांदा रडली.

२२ एप्रिल

पुन्हा परभणी. तेच कारकून. फेरचौकशीचा हुकूम निघालाय, कागद मुंबईला गेलाय. कधी, ते सांगता येत नाही. पावसाळा जाईल, कदाचित दिवाळी.

तोवर डावा डोळा?

मी विचारलं, मीच गेले तर? ते म्हणाले, जायची परवानगी लवकर मिळू शकेल, नवरा आजारी म्हणून. पण बाई, सरहद्दीवरचा नाका आज उघडा, उद्या बंद. परत येण्याचं कोणी लिहून देणार नाही.

गाडीत सगळा वेळ खिडकीला धरून उभी होते. बसायला जागा होती.

२९ एप्रिल

गयाबाई म्हणते, जाऊ नका, तेच येतील. नामदेव म्हणतो, जा. रहीमभाईंनी माझ्या दोन पोलक्यांचे उसवलेले टाके न सांगता घालून दिले. प्रवासाचेच कपडे आहेत, त्यांना कळलं.

माझं काय आहे इथे? शाळेची नोकरी सुटली. मूलबाळ नाही. तरीही बादली भरताना, कडी लावताना वाटतं, हे सगळं. हे सगळं आहे.

आणि समजा मी तिकडे पोचले आणि इकडे त्याचा व्हिसा

१४ मे

जायची परवानगी आली. एकाच बाजूची.

तिकडच्या नाक्यावर काय म्हणतील कोण जाणे. चुलतभावाने पत्र दिलंय, बघू. बेळगावपर्यंत रेल्वे, पुढे मोटर, नाका पायी ओलांडायचा. उद्या दुपारची गाडी.

हे पान गयाबाईच्या हातात देऊन जाणार. नामदेवने सगळ्यांना वाचून दाखवावं.

शिवणयंत्र रहीमभाईंना. नको म्हणतील. त्यांच्या दुकानात नेऊनच ठेवा. पायडल अडतं, अं. त्यात जिनचं तेल घालायचा, बाजारचं चालत नाही.

अं.ची हत्यारांची पेटी नामदेवला. मोठा पाना गंजू देऊ नकोस.

तांब्याचा बंब गयाबाईला. तुम्ही तो वापरणार नाही, घासून मांडून ठेवाल, माहीत आहे. पण निदान नातीच्या अंघोळीला तरी पेटवा.

पुस्तकं आणि भिंतीवरचा नकाशा कन्याशाळेला. कोंबड्या ज्याने आधी धरल्या त्याच्या.

पलंग, गादी, दोन ताटं, दोन पेले कोणाला देऊ नयेत. खोली झाडून कुलूप लावावं, किल्ली गयाबाईकडे. स्टूल दाराबाहेर आहे तिथंच राहू द्यावं. शेळी दुसरीकडे बांधा.

फेरचौकशीचा माणूस येईल. त्याला बसवा, पाणी द्या, आणि सांगा की हे घर त्यांचं. दोघांचं. सगळ्यांनी एकच सांगा, तुम्हाला ते जमतं.

आणि मी तिकडे असताना अंतोनच कसाबसा इथं येऊन पोचला, तर किल्ली त्याच्या हातात द्या. नुसती पुढे धरू नका, हातात ठेवा, त्याला दिसणार नाही. स्टुलावर बसवा. मग तो माझ्याबद्दल विचारेल. तेव्हा सवयीने सांगू नका, की अशा नावाची इथं कोणी नाही.