गच्चीवरच्या म्हातारीचा फोटो

४ एप्रिल

चि. ठकूस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

सोबत बारा फोटो. तुझ्या आजोबांना म्हणावं, नियमानेच काढलेत. कोवळं ऊन, कुंडीशेजारी फूटपट्टी. गुडघे माझे, नियम त्यांचे! इस्पितळात पडून माणूस बायकोचं विचारत नाही, निवडुंगांचं विचारतो.

अकरा काटेवाल्यांना मी हात लावत नाही. पण ती जाड पानांची पांढरी, जिला ते म्हातारी म्हणतात, तिच्यावर इतकी धूळ साचली होती की फोटोत माझीच अब्रू गेली असती. ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं. आता बघ कशी हिरवीगार चकाकते. स्टुडिओवाल्याने विचारलं, आजी, ही नवी आणली का? बघून त्यांना दोन घास जास्त जातील.

तब्येतीचं खरं लिही. गोड लिहू नकोस, मला साखर चालत नाही.

लोभ आहेच, तो वाढवून आणखी काय करायचाय?
तुझी आजी

९ एप्रिल

ती. आजीस, सा. न. वि. वि.

फोटो मिळाले. आजोबांनी भिंगाखाली एकेक पाहिला. म्हातारीपाशी थांबले, भिंग ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी मला नीट समजावलं.

आजी, ती धूळ नव्हती. ती पांढरी भुकटी झाडाची स्वतःची असते, उन्हापासून वाचायला. पुसलेल्या पानावर ती पुन्हा येत नाही. तिला लगेच सावलीत ने आणि पाणी बंद कर. तुला बोल लावायचा नाही, असंही त्यांनी मला बजावलंय. बारा वर्षांपूर्वी बी पेरून वाढवली होती त्यांनी.

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. घरी न्यायचा विचार आता सोडा, असं डॉक्टर म्हणाले. जेवण सुटलंय. रोज विचारतात, म्हातारीचा नवा फोटो आला का? तो बघितल्यावर औषध घेईन म्हणतात. लवकर पाठव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी ठकू

१६ एप्रिल

चि. ठकूस, आशीर्वाद.

तुझं पत्र यायला चार दिवस लागले. तोवर ती उन्हातच होती, आणि चकाकतेय म्हणून मी शहाणी रोज तांब्याभर पाणी घालत होते. पत्र वाचून गच्चीवर गेले तर पानं करपलेली, देठाला बोट लावलं तर लिबलिबीत. खाली आणून ओट्यापाशी ठेवली. काल आडवी झाली.

रोपवाटिकेत गेले. तिथला माळी म्हणाला, तसलीच आहे, जरा लहान, घेऊन जा. फोटोत कोणाला कळतंय? पट्टी ठेवली तर लहानपण कळणार, नाही ठेवली तर लबाडी कळणार. हात हलवत परत आले.

पन्नास वर्षं ह्यांच्याशी भांडले, पण फसवलं कधी नाही. मेलेल्या रोपाचा फोटो काढलाय. तुझ्याकडे पाठवला तर दाखवायचा की नाही हे ओझं तुझ्या डोक्यावर, म्हणून पाठवत नाही. हे पत्र शेजारणीच्या जावयाच्या हाती देतेय, उद्या मिळेल. परवा दुपारच्या गाडीने मी येते. काटेवाल्यांना महिनाभर पाणी नको, एवढं आता मलाही कळतं.

त्यांनी विचारलं, तर आजी येतेय एवढंच सांग. समोर बसून काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

लोभ असला तर स्टेशनवर ये.
आजी