गाडी कुणाला लागते

८ जानेवारी

नवी नोकरी, नवं घर, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त एक जिना. खाली कंपनी, वर आमच्या दोन खोल्या. खिडकी मोठी आहे, नळाला पाणी भरपूर येतं, भिंतींना ताजा रंग आहे. तक्रारीला जागाच नाही, त्यामुळे थोडं चुकल्यासारखं वाटतंय. चिमणीने आल्या आल्या खिडकीकडचा पलंग बळकावला. चिमणी म्हणजे माझी धाकटी बहीण. कॉलेज संपलंय, पुढचं काही ठरत नाही, म्हणून आईने तिला माझ्या गळ्यात घातलं. आईच्या मते एकत्र राहिलो तर दोघींपैकी एक तरी माणसात येईल. कोणती, ते तिने सांगितलं नाही.

सामानाच्या टेम्पोत चिमणी वाटभर ओकत आली. तिला लहानपणापासून गाडी लागते. बस लागते, लिफ्ट लागते, झोपाळासुद्धा लागतो. आई म्हणते, हिला गाडीचं चित्र दाखवलं तरी लिंबू जवळ ठेवावं.

कंपनी गाडी शिकवणारे सिम्युलेटर बनवते. खरी सीट, खरं स्टिअरिंग, पायाखाली खरे क्लच-ब्रेक आणि डोळ्यांवर चष्मा. रस्ता चष्म्यात दिसतो. यंत्र उत्तम आहे. अडचण एकच, शिकायला बसलेली माणसं ओकतात. ते थांबवणं हे माझं काम. यंत्रावर देखरेख करणारे मास्तर पूर्वी खऱ्या गाडीवर शिकवायचे. त्यांनी मला आधी बादली दाखवली आणि मग यंत्र. म्हणाले, आमच्याकडे सगळे पहिल्या दिवशी रिव्हर्सच शिकतात.

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१६ जानेवारी

डोळे सांगतात, आपण वळतोय. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, आपण खुर्चीत बसलोय. दोघांचं जुळलं नाही की मेंदूला वाटतं पोटात विष गेलंय, आणि तो पोट रिकामं करतो. मेंदूचा दोष नाही. आलेल्या माहितीवरून त्याने काढलेला निष्कर्ष शहाणपणाचाच आहे.

डोकं वळल्यावर चित्र वळायला जो उशीर लागायचा तो मी कमी केला. वळणावर चित्राच्या कडा काळ्या केल्या, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून पळणारी झाडं दिसत नाहीत. चेहऱ्यावर पंखा सोडला. इथली पद्धत अशी, की चालकाला मधून मधून विचारायचं, किती? त्याने शून्य ते दहात उत्तर द्यायचं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे बादली. माणूस हिरवापिवळा पडला आणि तोंडाने दोन म्हणाला, तर दोनच धरायचं. मला ही पद्धत आवडली. जे सांगितलं तेवढंच खरं.

आकडे सातावरून पाचावर आले. साहेबांना, म्हणजे मालकांना, पाच नको आहेत. त्यांचं म्हणणं, पाच आहेत तोवर बादली ठेवावी लागणार, आणि बादली दिसली की गिऱ्हाईक दारातूनच वळणार.

२५ जानेवारी

डोळ्यांना जेवढं फसवायचं तेवढं फसवून झालं. आता कान. कानामागे दोन चकत्या चिकटवून अगदी सौम्य वीज सोडली, की बसल्या जागी वळल्याचा भास होतो. चष्म्यातली गाडी वळेल त्याच क्षणी कानालाही वळल्यासारखं वाटलं, तर भांडण मिटलं. पण किती विजेला किती वळण वाटतं याचा नकाशा आधी काढायला हवा. त्यासाठी पराकोटीचा हळवा कान हवा. मास्तरांचे कान आयुष्यभर गाडीत बसून दगड झालेत. माझा कान चालला असता, पण मला टेबलाशी बसायचं होतं.

चिमणी लगेच तयार झाली. तिला वाटलं, आपण आता बरे होणार.

कंपनीत एक नियम आहे. चाचणीला नातेवाईक चालत नाहीत, ते आपल्या माणसाला बरं वाटावं म्हणून आकडे कमी सांगतात. साहेबांनी चिमणीकडे बोट दाखवून विचारलं, ही तुमची कोण लागते? मी सांगितलं, कुणी लागत नाही, खोलीत सोबत राहते. चिमणी शेजारीच होती. तिने हसू दाबलं. वर आल्यावर दिवसभर मला ‘अहो सोबतीणबाई’ म्हणून चिडवत होती.

१ फेब्रुवारी

नकाशा पूर्ण झाला.

सुरुवातीची वळणं तिने मुकाट्याने सोसली. सहाच्या पुढे घाम सुटला. नकाशाचा खरा उपयोग आठ-नवाच्या पट्ट्यात असतो, तिथली मोजमापं कुणाकडेच नाहीत, त्यामुळे मी थांबवलं नाही. ओकून झाल्यावर तिला चूळ भरायला देऊन पुन्हा बसवत होते. एकदा तिच्या तोंडून ‘ताई, पुरे’ असं निघणार होतं. ‘ता’वरच अडखळली आणि ‘मॅडम, पुरे’ म्हणाली. मास्तर दारात उभे होते. तिने प्रसंग ओळखला म्हणून मला बरं वाटलं.

मग मी विचारलं, किती? ती नऊ म्हणाली. मी पुढचं वळण लावलं.

७ फेब्रुवारी

शून्य.

चिमणीच्या कानाचा नकाशा यंत्रात घातला आणि मास्तर शून्य म्हणाले. बाहेरून बोलावलेली शिकाऊ मंडळी बसली, सगळी शून्य. एक बाई तर उतरेचनात. साहेबांनी स्वतःच्या हाताने बादली उचलून बाहेर ठेवली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, पोरी, तू माझा रिव्हर्स गिअरच काढून टाकलास.

वर आले तर चिमणी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसलेली. कपड्यांच्या घड्या घालताना अचानक पोटात ढवळून आलं, म्हणाली. कुठल्या गाडीत नाही, कशात नाही. मग डोळे मिटून म्हणाली, ताई, मला घर लागतंय.

हा नंतरचा परिणाम आहे. बोटीतून उतरलेल्या माणसालाही जमीन हलताना वाटते. ओसरेल.

१३ फेब्रुवारी

ओसरलं नाही. खाली सुट्टी असते त्या दिवशी ती ठणठणीत असते, गाणी म्हणते, डोकं खाते. कामाच्या दिवशी भिंत धरून चालते. आज जेवताना ती एका बाजूला कलली, सावरली, परत कलली. तिला विचारलं तर म्हणाली, कुठे कलले?

म्हणून तपासून घेतलं. मास्तरांना यंत्रात बसवलं आणि फोनवर प्रत्येक वळण सांगायला लावलं. का, ते सांगितलं नाही. मी वर चिमणीसमोर बसले, फोन माझ्या कानाला घट्ट, तिला ऐकू येणार नाही असा. मास्तर डावीकडे वळले, ती उजवीकडे गेली. मास्तर उजवीकडे, ती डावीकडे. त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा तिची हनुवटी छातीवर आदळली.

किती, असं मी फोनवर विचारलं. मास्तर म्हणाले, शून्य.

मळमळ कमी झालेलीच नव्हती. ती फक्त वर पाठवली गेली होती.

१७ फेब्रुवारी

मोठं गिऱ्हाईक उद्या येणार. गाडी शिकवणाऱ्या शाळांची साखळी आहे, गावोगाव केंद्रं. साहेबांना खरं सांगायचं तर आधी चिमणी माझी कोण ते सांगावं लागेल, मग नकाशा बाद, मग पुन्हा पाच, पुन्हा बादली. चिमणीला म्हटलं, उद्याचा एक दिवस काढ, नंतर मी बघते. ती म्हणाली, काढते. एवढंच.

१८ फेब्रुवारी

गिऱ्हाईकांना शून्याचा आकडा पुरला नाही. त्यांनी विचारलं, अपघातातही मळमळत नाही का? यंत्रात तो प्रसंग आहे, समोरून ट्रक येतो. साहेब म्हणाले, लावा. मास्तर चष्मा चढवून बसले. बंद करायचा स्विच माझ्या हाताखाली होता.

मी दाबला नाही.

मास्तर चष्मा काढून हसत शून्य म्हणाले. सगळे हसले. मी जिना चढून वर आले.

ती ओट्याखाली पडली होती. श्वास घेत होती. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत सीटबेल्टच्या पट्ट्याएवढा रुंद जांभळा वळ. घरात पट्टा नाही. तिने विचारलं, आत्ता अपघात लावणार हे तुला माहीत होतं का? मी नाही म्हटलं.

२१ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतात, पडली असेल. आईला फोनवर मीही तेच सांगितलं. आई म्हणाली, तू आहेस म्हणून मला काळजी नाही.

खालच्या यंत्रातून नकाशा काढून टाकला. उशीर झाला होता. प्रती गेल्या आहेत. सगळ्या केंद्रांत.

२४ फेब्रुवारी

केंद्रं सुरू झाली. आता एक गाडी नाही. किती आहेत कळत नाही. ती एकाच वेळी दोन्हीकडे ओढली जाते. आणि सगळे शिकाऊ. ती डोळे मिटून सांगते, हा क्लच नीट सोडत नाही. ही घाबरते. हा फुटपाथवर चढला—

दर वेळी कुणीतरी कशावर तरी आदळतं. शिकाऊच ते.

पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. मी जवळ गेले की जास्त होतं. आज म्हणाली, ताई, तू आत येऊ नकोस. मला आता तूच लागतेस.

२६ फेब्रुवारी

साहेबांना सगळं सांगितलं. बहीण आहे हेही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग यात आपल्या यंत्राचा दोष कुठे? केंद्रांतला नकाशा काढला तर लोक ओकतील आणि केंद्रवाले जुना परत घालतील. त्या जागी दुसरा कान हवा. अनोळखी कुणाला तरी बसवावं, असं आधी मनात आलं. एक मुलगी ठरवलीही होती, झाडलोट करायला येते ती. तिने हो म्हटलं होतं.

नाही. माझा.

२८ फेब्रुवारी

चिमणीला उचलून खाली आणलं. काय दाबायचं ते दाखवून टेबलाशी बसवलं. मी खुर्चीत. चकत्या थंडगार होत्या.

ती विचारत होती, किती? मी खरे आकडे दिले. नवावर गेल्यावर पुरे म्हटलं. तिने ऐकलं की नाही माहीत नाही. वळणं चालू राहिली.

नवा नकाशा सगळ्या केंद्रांना गेला.

२ मार्च

चिमणी जेवली. ओट्याशी उभी राहून, पातेल्यातूनच.

मला झोपून राहावं लागतं. लिहिताना बरं वाटतं, डोळ्यांना धरायला एक न हलणारी ओळ मिळते. पण ओळही आता—

३ मार्च

सकाळपासून कुणीतरी गोल गोल फिरतंय. चौक सापडत नसेल. बाकीचे अधूनमधून. पट्टा रुततो. पट्टा नाही तरी.

चिमणी उशाशी पाणी ठेवून जाते. वळ अजून गेला नाही तिचा.

५ मार्च

मास्तर तिची विचारपूस करायला आले होते. दार उघडं होतं, मला ऐकू आलं. माझं कौतुक करत होते. म्हणाले, तुमची सोबतीण भारी धीराची, ट्रक अंगावर आला तरी स्विचवरचं बोट हललं नाही.

चिमणीने त्यांना विचारलं, स्विच हिच्या हातात होता?

ते म्हणाले, अगदी हाताखाली.

मग ती आत आली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी काही बोलणार तेवढ्यात कुणीतरी ब्रेक— 

६ मार्च

ती गाडी शिकणार आहे. आता लागत नाही ना, म्हणाली. मास्तरांनी खालचं यंत्र दिलंय, रिकाम्या वेळात. मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिने माझं पांघरूण सारखं केलं आणि जिना उतरली.

खालच्या यंत्रात माझा नकाशा घालू नका, असं मास्तरांना फोन करून—

म्हणाले, घातला की कालच. तुझी बहीण म्हणाली, ताईनेच सांगितलंय. बहीण म्हणाले. त्यांना आता कळलंय.

७ मार्च

खालून आवाज. तीच आहे. केंद्रं बंद आहेत आज, दुसरं कुणी नाही— एकच गाडी. सावकाश. छान चालवते. वळणं इतकी हळुवार की वाटलं, राग गेला—

थांबली.

इंजिन चालू आहे. मला जाणवतं, पाठीत. थांबूनच आहे. काय बघते—

फोन लावला. उचलला तिने. श्वास ऐकू येतो. म्हटलं, चिमणे, मी तुझी— म्हटलं मी तुझी ताई—

फोन खाली ठेवला तिने. बंद नाही केला. गिअर पडल्याचा आवाज—

सरळ रस्ता. पलंग मागे दाबला जातोय, मी उशीत— वेग— अजून— ब्रेकवर पाय नाही तिचा, चिमणे ब्रेक दाब, ब्रे