पोत्याचा काटा खोटा दाखवतो

६ जुलै, रविवार
आजपासून रोजनिशी. धुळ्याच्या डॉक्टर हिलाल पाटलांनी रोजचं वजन लिहून ठेवायला सांगितलं आहे.
काल त्यांच्याकडे जाऊन आलो. म्हणे लिव्हर आकसलं आहे, सिरोसिस, आणि पोटात पाणी झालं आहे. मला हसू आलं. अख्ख्या अमळनेरात विचारा, दीपचंद फरसाणवाले दारूला शिवले का? तपकीरसुद्धा ओढली नाही. डॉक्टर म्हणाले, शुगर आणि चरबीनंही होतं. बरं, म्हणू दे.
पाणी झाल्यावर निम्मे पेशंट दोन-चार वर्षांत जातात म्हणाले. म्हणजे निम्मे राहतात! मी राहणाऱ्यांतला. हा हिशोब बायकोला, चंदनला, बसमध्ये समजावून सांगितला. ती खिडकीबाहेर बघत बसली.
पक्का इलाज म्हणजे घरच्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा बसवायचा. चंदनला स्वतःलाच शुगर. उरली पलक, एकुलती एक. मी तिथेच हात जोडले. आमच्यात मुलीच्या घरचं पाणीही पीत नाहीत. मुलीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. विषय संपला.
निश्चय: मीठ बंद. पाणी उतरवायच्या गोळ्या वेळेवर. रोज वजन.

७ जुलै
मीठ बंद. त्याऐवजी सैंधव. उपासाला चालतं ते मीठ कसलं?
दुकानातल्या पोत्याच्या काट्यावर वजन केलं. आकडा लिहीत नाही. काटा खोटा दाखवतो.

१५ जुलै
गोळी घेतली नाही. चोपड्याला एसटीनं जायचं होतं. ती गोळी घेतली की सारखं उतरावं लागतं, आणि कंडक्टर काही आपला जावई नाही. आल्यावर घेऊ म्हटलं. विसरलो.
गेलो होतो पलकसाठी. मुलगा श्रेयांस, कापसाचा धंदा, घर चांगलं. त्याचे वडील माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, धंदा जोरात दिसतो. मी नाही म्हटलं नाही.

२८ जुलै
चंदनची कटकट. शेवेचा घाणा निघाला की मीठ मी चाखतो, त्यावरून. वडिलांपासूनची, बाबूजींपासूनची रीत आहे. कारागीर तोताराम चिमूटभर शेव पुढे करतो, मी मान हलवतो, मगच माल पुढे जातो. ती म्हणते, दिवसाला घाणे किती, मोजा. पण चाखणं म्हणजे खाणं नव्हे! डॉक्टरांनी खाऊ नका सांगितलं आहे.
नव्या पॅन्टचा हूक लागत नाही. शिंप्यानं कापड चोरलं.

९ ऑगस्ट
आनंदाची बातमी. पलक वजन उतरवते आहे. गोड बंद, तळलेलं बंद, सकाळी फिरायला जाते. शेववाल्याची मुलगी शेवेला हात लावत नाही. गिऱ्हाइकानं काय समजायचं? पण मी ओळखलं. लग्नाला तयार झाली. मुली तोंडानं बोलत नाहीत, बापानं समजून घ्यायचं.
रोज पोत्याच्या काट्यावर उभी राहते. बरीच उतरली. मी शाबास म्हटलं. तर चंदन म्हणते, काटा एकच ना? मग तिचं खरं आणि तुमचं खोटं कसं?
वाद घातला नाही. दुकान उघडायची वेळ झाली होती.

२ सप्टेंबर, धुळे
पोटात सुई घालून पाणी काढलं. तेलाचा अर्धा डबा भरेल एवढं! एकदम हलकं वाटलं. बरा झालो.
डॉक्टर म्हणाले, हे पुन्हा भरणार. त्या पाण्यात इन्फेक्शन झालं किंवा किडनी बसली तर वर्षसुद्धा हाती नाही. डॉक्टर लोकांना भाव वाढवून सांगायची सवय असते.
पलक त्यांच्याशी बाहेर बराच वेळ बोलत होती. मग येऊन माझा रक्तगट विचारला. हल्ली पत्रिकेबरोबर रक्तगटही जुळवतात म्हणे. पण बापाचा कशाला?

१८ सप्टेंबर
काट्यावरून उतरताना तोंडातून निघून गेलं, काटा खोटा आहे. समोर दोन गिऱ्हाइकं. तोताराम म्हणाला, "काटा खोटा शे तं गिऱ्हाइकले काय सांगू, शेठ?" सांग म्हटलं, मालाला बरोबर आहे, माणसाला खोटा आहे. एक गिऱ्हाईक न घेताच गेलं. लोकांना विज्ञान कळत नाही.

३० सप्टेंबर
आयंबिलाची ओळी चालू. नऊ दिवस एकदाच जेवायचं, तेही उकडलेलं, बिनमिठाचं, बिनतेलाचं. दोघी बसल्या आहेत. मीही बसलो. पुण्य आणि पथ्य एकाच खर्चात!
दुपारी तीन घाणे चाखले. दिवाळीचा माल आहे. धंद्याला आयंबील नसतं.

१४ ऑक्टोबर
मायलेकी साडीखरेदीला मुंबईला जाऊन आल्या. साडी एकही नाही. बाजार मंदा असणार. पलकच्या दंडाला कापसाचा बोळा चिकटवलेला. काहीतरी चावलं म्हणाली. मुंबईत मच्छर फार.
श्रेयांसच्या घरच्यांना बोलावू का विचारलं. म्हणाली, उन्हाळ्यात बघू. लाजते आहे.

२७ ऑक्टोबर
दिवाळी जोरात गेली. पाय सुजलेत, उभं राहून. पोटात पाणी भरलं, पुन्हा काढून आणलं. डॉक्टर रागावले.
चंदन म्हणते, परवा मी दुकानात तोतारामला बाबूजी म्हणून हाक मारली आणि घरचा रस्ता विचारला. मला आठवत नाही. दमलो असेन.
निश्चय: पलकचं लवकर उरकायचं. श्रेयांसच्या घरी परस्पर फोन केला.

११ नोव्हेंबर
आले. पलकनं चहा दिला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. डिसेंबरात माझं ऑपरेशन आहे. पप्पांना लिव्हरचा तुकडा देणार आहे. पोटावर टाक्यांची खूण राहील. चालत असेल तर उन्हाळ्यात या.
श्रेयांसच्या वडिलांचा चहा कपातच राहिला.
तिच्या लिव्हरवर चरबी होती म्हणे. ती उतरल्याशिवाय डॉक्टर तुकडा घेत नाहीत. म्हणून फिरणं, म्हणून शेव बंद. मुंबईत साड्या नव्हत्याच, तपासण्या होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं. तोतारामलासुद्धा.
पाहुणे गेल्यावर मी खूप ओरडलो. मुलीकडून घ्यायची रीत नाही, मेलो तरी चालेल, असलं बरंच बोललो. तिच्या पोटाला सुरी लागणार या विचारानं मला रडू फुटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात रडलो.
पलक शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मुलीच्या घरचं चालत नाही ना, पप्पा? मग माझं लग्न कुठे झालंय? अजून माझं घर हेच आहे. म्हणून तर उन्हाळ्यात म्हणत होते."
मी सकाळची राहिलेली गोळी मागून घेतली.
संध्याकाळी दुकानात गेलो. तोतारामनं चिमूट पुढे केली. म्हटलं, आजपासून तू चाख. तो म्हणाला, "माले मिठनं काय समजस, शेठ?" म्हटलं, मलाही समजत नव्हतं.
मग काट्यावर उभा राहिलो.
चौऱ्याण्णव किलो. काटा बरोबर आहे.