शिक्षकाच्या सीटवरची उशी

बाबा, तुम्ही बनवलेलं लाकडी विमान परवा शेल्फवरून पडलं. आई म्हणते, व्हॅक्यूम करताना धक्का लागला. एक इंजिन सोफ्याखाली गेलं आणि खिडकीची काच निघाली. मी इथे परदेशात, हॉर्नबी नावाच्या उपनगरातल्या फार्मसीत दिवसभर डॉक्टरांच्या सहीवरसुद्धा शंका घेते, त्यामुळे आईचा धक्काही मला सहज पटला नाही. तुम्ही गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा हे विमान तिने साड्यांत गुंडाळून आणलं होतं.

तुम्ही कामासाठी बल्गेरियाला जाऊन आलात तेव्हा मी शाळेत होते. आल्या आल्या हे करायला घेतलंत. जर्मनांनी बांधलेलं, दोन इंजिनांचं, बल्गेरियाच्या हवाई दलात युद्धाच्या काळात नव्या वैमानिकांना शिकवायला वापरलेलं. शेपटीवर पांढऱ्या चौकोनात काळी फुली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही ते रंगवताय, मी समोर पोहे खातेय. उजवी बाजू कोरी का, असं मी विचारते आणि तुम्ही रागावता. "जे बघितलं नाही, ते रंगवायचं नाही." तुमच्याजवळच्या फोटोत डावीच बाजू दिसत होती, म्हणून उजवीकडे नुसतं लाकूड राहिलं. तिथल्या लोकांबद्दल आई कधी विचारायची नाही. तुम्हीच सांगायचात, माणसं तुसडी, इतके महिने राहिलो पण एकानेही घरी बोलावलं नाही.

दुरुस्तीला मी ते इथल्या मॉडेल क्लबमध्ये नेलं. तिथे एक बल्गेरियन आजोबा येतात, थंडीतही पायात जँडल्स, इथल्या रबरी चपला. त्यांनी विमान लगेच ओळखलं, आमच्याकडे याला कबुतर म्हणत असं सांगितलं, आणि काचेच्या जागेतून आत टॉर्च मारला. शिक्षकाच्या सीटवर तुम्ही एक उशी केली होती, तांदळाच्या दाण्याएवढी, लाल, वर काळी-पांढरी नक्षी. आजोबा हसले. हवाई दल असल्या उशा देत नाही, म्हणाले. ही घरातली, आमच्या बायका हाताने विणतात, दुकानात मिळत नाही. मग तुम्ही ती पाहिलीत कुठे? एखाद्या म्हाताऱ्या शिक्षकाच्या घरी, हे उघड होतं. त्या शिक्षकाला मुलगी असणार, हे मी गाडी सुरू करेपर्यंत ठरवून टाकलं. सिग्नलला तिचं वयही ठरलं.

आई मेथी निवडत होती. मी उशीचं सांगितलं आणि सरळ विचारलं.

"होती कोणीतरी," ती म्हणाली. "कोणी घरी बोलावत नाही, हे न विचारता सारखं सांगायचे ना, तेव्हाच कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं."

मग तिने डेअरीतून दूध आणायला सांगितलं, आणि मी गेले.

मला तुमचा राग येतो, बाबा. इतकी वर्षं तोंड मिटून बसली म्हणून तिचाही येतो. विमान दुरुस्त होऊन आलंय, पण मी ते अजून गाडीतून काढलेलं नाही. हे लिहिलेलंही फार्मसीच्या ड्रॉवरमध्येच ठेवणार आहे, घरी आईचा हात सगळीकडे फिरतो. तुम्ही मला जन्माची संशयी म्हणायचात, ते खोटं नव्हतं. तरीही सांगते, तुम्ही आत्ता समोर असतात आणि नुसतं "नाही गं" म्हणाला असतात, तर मी लगेच विश्वास ठेवला असता.