झोपाळ्याच्या जागचा चौकोन

ता. ९, दुपार

चि. थोरल्यास आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या लेकीकडे मी मजेत आहे. गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण आधी विचारून दुखतो. तू फोनवर गुडघ्याची चौकशी करतोस, हवेची करतोस, खिडकीतल्या कुंड्यांचीसुद्धा करतोस. कुंड्या जिच्या आहेत तिचं तेवढं नाव काढत नाहीस. असू दे. मीही तिच्याबद्दल लिहायला बसलेली नाही. मी बसले आहे चौकोनांबद्दल लिहायला.

झालं असं की तुझी चिमणी सध्या एका बागेचा नकाशा करते आहे. मुलांची बाग. घसरगुंडी, शिडी, झोपाळा. एक वेल्डर तो नकाशा बघून लोखंडी पाइप कापणार. तर हिने कॉम्प्युटरमधून नकाशा बाहेर काढला, त्याची पीडीएफ की काय ती केली आणि त्याच्या फोनवर पाठवली. घटकाभरात त्याचा फोन. म्हणे, ताई, रेघा पोचल्या, अक्षरं नाही पोचली. जिथे शब्द असायला हवा तिथे नुसते रिकामे चौकोन. फळीवर डबे मांडलेत आणि आत दाणा नाही.

मला मोठी गंमत वाटली. मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी जाऊन बसले. तिच्या पडद्यावर तर सगळं शाबूत. मी विचारलं, अगं, इथून निघाली तेव्हा होती ना, मग वाटेत सांडली कुठे? ती हसली, पण वरवर. तिच्या ऑफिसच्या बाईंनी बजावलं होतं, कागद वाचता आला नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. आणि हे तिचं एकटीचं पहिलंच काम.

तिने पुन्हा पाठवलं, चौकोन. अक्षरं मोठी करून पाठवली, तर मोठे चौकोन. तेव्हा मला हसू आवरेना, मी कुंड्यांना पाणी घालायला उठले. परत आले तर बाई फोनवर होत्या. त्यांचं म्हणणं, तुझं ते नखऱ्याचं अक्षर काढ आणि सगळ्यांकडे असतं ते साधं घाल, चुटकीसरशी होईल. चिमणी म्हणाली, नाही घालणार. आवाज न चढवता, पण घर हलेल असं. असं "नाही" मी आयुष्यात आणखी एकाच माणसाकडून ऐकलं आहे.

अक्षरात एवढं काय आहे म्हणून मी चष्मा लावला, पडद्याशी नाक नेलं आणि वाचत सुटले. उंची. कठडा. दुसरी पायरी. इथे धार घासणे. झोपाळ्यापाशी जराशी ठेचकाळले, पुन्हा पुढे.

"आजी, पेपर तर तू एकेक अक्षर लावत वाचतेस. हे घडाघडा कसं वाचलंस?"

आता तूच सांग, मला का येणार नाही? माझी शाळा दुसरीत सुटली. तू शाळेतून यायचास आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पट्ट्या चिकटवायचास, साखर, मीठ, तांदूळ, आणि मग माझी परीक्षा घ्यायचास. नापास केलंस तर जेवायला वाढणार नाही असं मी म्हणायची. तुझा तो पोट पुढे काढून चालणारा द, तुझ्या 'उ'ची शेपटी. बाकीची छापील अक्षरं मला अजून परकी वाटतात. कॉम्प्युटरच्या पोटात मला तू दिसलास रे.

हे अक्षर तुझ्या बापाचं, असं मी म्हटलं, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. ऑफिसने तुझं नकाशांचं टेबल उचललं, कॉम्प्युटर आणले, आणि तू घरी येऊन हाताने काढलेल्या जिन्यांच्या नकाशांचे सगळे जुने कागद रद्दीत टाकलेस, ते हिने उचलून ठेवले होते. त्यांतून एकेक अक्षर वेचून तिने कॉम्प्युटरला शिकवलं. त्याच सुमाराला तू तिला म्हणाला होतास, "शीक ते यंत्र, आणि बसव बापाला घरी." तिने उलट उत्तर केलं नाही. तुला वाटलं, हिच्याकडे उत्तर नाही.

हे तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. पण शपथ न बोलण्याची होती, न लिहिण्याची नव्हती.

तर चौकोनांचं कारण असं, की तुझी अक्षरं अख्ख्या जगात फक्त तिच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. वेल्डरच्या फोनने शोधली, मिळाली नाहीत, त्याने आपले चौकोन मांडले. नकाशा बाहेर काढताना एक खूण करायची राहून गेली होती. ती केली की अक्षरं कागदाबरोबर बांधून जातात, आपण परगावी जाताना अंथरूण नेतो तशी. मग पाठवलं. वेल्डर म्हणाला, आलं ताई, आणि अक्षर काय सुरेख आहे, कुणाचं?

चिमणी "बाबांचं," म्हणाली.

पुढे तोच म्हणतो, पण एक चौकोन राहिलाय, त्याच्यापुढे 'पाळा' आहे, इथे पाळणा टांगायचा का? आम्ही दोघी खूप हसलो. झ नव्हता. जिन्याच्या कागदावर झ कशाला येईल? तिच्या पडद्यावर कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाचा झ उसना घेत होता, म्हणून तिच्या लक्षात आलं नाही. मी ठेचकाळले होते ते तिथेच. शेजारीण वाटीभर साखर देते, पण ती परगावी बरोबर येत नाही.

चिमणीला तू झोपाळा करून दिलास तो आठवतो? फळी घासलीस, दोर बांधला, आधी स्वतः बसून बघितलंस. कागद काही काढला नाहीस. काढला असतास तर आज झ असता.

वेल्डर कामाला लागला आहे, तेव्हा काम हातचं गेलं नाही. पण शेवटचा कागद बिनचौकोनाचा हवा, नाहीतर साधं अक्षर घाल, असं बाईंनी सांगितलं आहे. मी म्हटलं, तूच काढ की बापासारखा झ. तिने काढले, पुसले, पुन्हा काढले. शेवटी म्हणाली, "आजी, हा माझा झालाय."

म्हणून या पत्रात एक कोरा कागद घातला आहे आणि एक पाकीट. पाकिटावर तिचं नाव मीच घातलं आहे, वाकडं आहे, पण पोचेल. तू फक्त एक झ काढ, काळ्या शाईने, चांगला मोठा. दुसरं काही लिहू नकोस. खुशाली नको, समजूत नको. आणि पाठवण्याआधी सतरा वेळा न्याहाळत बसू नकोस, झोपाळा अडला आहे.

तुझ्या डब्यांवरून वाचायला शिकलेली,
आई