गादीभोवतीची काच

४ मार्च, लातूर
रेणापूरहून सकाळच्या गाडीनं आलो. गुरुपादप्पामामांनी आडतीवरच मिठी मारली. आईचा सख्खा भाऊ शेवटी! पोरगं न्हाई त्यांना. म्हणाले, आजपासून माझ्या गादीवर तू बसायचं. स्वतःच्या हातानं माझ्या कपाळावर विभूती ओढली, आपली पांढरी टोपी माझ्या डोक्यावर घातली. लई भरून आलं.

६ मार्च
गादीभोवती बुलेटप्रूफ काचेची केबिन हाय. भोकरच्या जमिनीवरून कुणीतरी मामांना जिवे मारायची धमकी देऊन राहिलंय. काच बसवणारा नांदेडचा हरिओम आज दाराचं लॉक बघायला आला होता, त्याला खोदून विचारलं. बाहेरच्या अंगाला काच, आतल्या अंगाला जाड प्लास्टिक. गोळी लागली की काच फुटून तिचा जोर पसरवते, उरलेला प्लास्टिक लवून झेलतं. बँकेच्या पैशाच्या गाडीला, मोठ्या सराफांकडं अशीच असते. प्लास्टिकला ओरखडे पडतात, कोरडं फडकं मारू नका, म्हणाला. उलट्या बाजूनं मारली तर मात्र गोळी आरपार, असं म्हणता म्हणता मामांकडं बघून हत्यारं आवरायला लागला.

१० मार्च
तुरीचा भुसा नुसता उडून राहिलाय. काच बाहेरून पुसली, तर ओरखडे! आतून पुसली, एकही न्हाई. म्हणजे प्लास्टिक बाहेर आलंय. उलटी बसवली की राव! मामांना सांगितलं. पाठ थोपटून म्हणाले, उद्याच हरिओमला बोलावतो, तू निवांत बस.

१३ मार्च
हरिओम आलाच न्हाई. केबिनमधूनच फोन लावला. उलटी कशाला बसवायची, त्यानं मामांना दोनदा विचारलं होतं म्हणे. मामांनीच सांगितलं, अशीच बसव —

दार उघडत न्हाई. बटण बाहेर, मामांच्या टेबलाशी.

पोलिसांना कळवलं. निघालेत म्हणाले.

मामा बाहेरून केबिनच्या माइकवर आले. रागावले न्हाईत, उलट मायेनंच बोलले. "मारायला येणारे मला ओळखत न्हाईत बाळा, गादीवरचा माणूस ओळखतात. एकदा त्यांचं काम झालं की मी सुटलो."

आईला काय सांगाल, विचारलं.

"फिटर चुकला म्हणीन."

माइक बंद.

सख्खा मामा! कपाळ पुसलं. टोपी फेकली. रडू आवरत न्हाई.

दोन अनोळखी माणसं आलीत. मुठी आपटून राहिलो. बाहेर ऐकू जात न्हाई.

त्यांनी मामांनाच काहीतरी विचारलं. मामांनी हात जोडले, माझ्याकडं बोट केलं —

एकजण काचेपाशी. हात कमरेला —

वही काचेला लावतो. मोठ्या अक्षरात —

मी मालक न्हाई. मी भाचा. मी अमरना